डेलचं नाव

त्सिगेरेदा वोल्दे मूळची इथियोपियातल्या गोंदरची. कोलोरॅडोतल्या आमच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं ती एकाच कामाला जुंपलेली होती. पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारा, कागदाहून पातळ असा पडदा बनवायचा. मी तिथे काचेची उपकरणं घडवायचो.

व्हिसाची मुदत संपत आली, तसा तिने कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. तिचं संशोधन या देशाच्या उपयोगाचं आहे, हे कागदोपत्री पटवायचं होतं. वकीलबाई मार्लीन हॉफस्ट्रा यांनी आमच्या निवृत्त साहेबांच्या शिफारसपत्राचा मसुदा तिला वाचायला दिला. 'हा टिकाऊ पडदा त्सिगेरेदाने एकटीने शोधला,' असं त्यात होतं.

"हे खोटं आहे. पहिल्यांदा दिसलं ते डेलला," ती म्हणाली.

डेल पर्सेल आमचा तंत्रज्ञ. एका शुक्रवारी तो पडदा खाऱ्या पाण्यात विसरून गेला आणि सोमवारी पडदा दुप्पट चिवट झालेला त्यालाच आढळला. ते का झालं, हे शोधण्यात त्सिगेरेदाची चार वर्षं गेली. तोवर डेल कॅन्सरने वारला होता. शोधनिबंधात त्याचं नाव कुणी घातलं नाही.

"अगं बाई, तो गेला बिचारा. त्याला आता काय फरक पडतोय?" मार्लीन वैतागल्या.

"तेव्हा मी गप्प बसले. पुन्हा नाही बसणार."

पत्र बदललं. मग सरकारी कचेरीतून विचारणा आली: यात तुमचं स्वतःचं काम नेमकं कोणतं? अर्ज अडकला. निकालापर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, नाहीतर अर्ज बाद होईल, असं मार्लीननी बजावलं होतं. त्याच हिवाळ्यात गोंदरला तिचे वडील वारले. त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना तिने भांडारघरात उभं राहून फोनवर ऐकली. मी दाराबाहेर थांबलो.

डेलची बायको कॉनी हिला माझ्याकडून हे कळलं. ती त्याच्या वह्या घेऊन मार्लीनकडे गेली. एका पानावर त्याने लिहिलं होतं, 'का झालं, मला कळत नाही. त्सिगेरेदा शोधतेय.'

"हे लावा अर्जाला," कॉनी म्हणाली. "तो खोटं लिहायचा नाही. आणि ही पोरगीही नाही."

मार्चमध्ये मंजुरी आली. निबंधाला दुरुस्ती जोडून डेलचं नाव त्याआधीच छापून झालं होतं. आम्ही केक आणला. तिने उभ्याउभ्याच एक घास खाल्ला आणि गोंदरचं तिकीट काढायला गेली.