मिठाचं पोतं आणि भरलेली डोणी

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से शोधायला जावं लागत नाही. पेशंट बोलत नाही, पण मालक गप्प बसत नाही! लढाईच्या वर्षांत मी आटपाडीकडच्या अशाच एका दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीवाला, होतो.

एकाच्या खंगलेल्या वासराला आमच्या डॉक्टरांनी क्षारांची पूड दिली, रोज चिमूटभर. त्याच्या गड्यानं अख्खी पुडी एकदम चारली. वासरू मरता मरता वाचलं. डॉक्टर कडाडले, "आठवड्याच्या भाकरी एकदम खातोस का रे?"

"मिळाल्या तर खाईन की."

रेशनचे दिवस होते.

*

पलटणीतून परतलेल्या एका हवालदारानं तिथं खेचरांपुढं असायचा तसा आपल्या गोठ्यातही चाटायला सैंधव मिठाचा खडा टांगला. चाटून चाटून गाया तुकतुकीत झाल्या. ते पाहून शेजाऱ्यानं तुरटीचा खडा टांगला! त्याच्या बैलानं वैरणीलाही तोंड लावायचं सोडलं. "माजलाय," शेजारी म्हणाला.

*

उन्हाळ्यात हवालदाराचा खडा संपला, म्हणून त्यानं मिठाचं पोतं आणलं. खडा जिभेला बेतानंच देतो. पोत्याला तो धरबंध नाही. विहीर आटलेली, गुरं आदल्या दिवसापासून तहानलेली, त्यात त्यांनी पोतं फोडलं. आम्ही पोचलो तेव्हा गाया मिठानं आंधळ्या होऊन भिंतीला धडकत होत्या.

शेजाऱ्यांनी लांबून पाणी आणून गुरांची दगडी डोणी भरली होती. डॉक्टरांनी बजावलं, पाणी थोडं थोडं, थांबून थांबून द्यायचं. एकदम दिलं तर मेंदूला सूज येऊन मरतील. हवालदाराच्या आईला, आक्काला, हे पटेना. तहानलेल्या जनावराला पाणी नाही म्हणायचं? आमची पाठ वळताच तिनं एक कालवड डोणीवर सोडली. ती पोटभर प्याली आणि तासाभरात तडफडून गेली.

मग हवालदार काठी घेऊन डोणीपुढं उभा राहिला. आक्कानं वाढवलेली चांदी गाय पाण्याच्या वासानं हंबरत होती. मला ते ऐकवेना. डॉक्टर प्रत्येक गायीला बादलीतनं दोन घोट पाजत, थांबत, परत पाजत. आक्का उंबऱ्यावर बसली होती.

ऊन कललं तेव्हा चांदीनं भिंत सोडली आणि आक्काकडं मान वळवली. डॉक्टर मटकन खाली बसले. दुपारभर त्यांच्या घशाखाली थेंब गेला नव्हता. त्यांनी पाणी मागितलं.

आक्का आत गेली आणि वाटीच्या तळाला घोटभर पाणी घेऊन आली.

"आत्ता येवढंच घ्या, डॉक्टर. बाकीचं घटकाभरानं."

डॉक्टर तेवढं प्याले आणि रिकामी वाटी हातात धरून बसून राहिले.