बटाट्याची फळं

२००५ च्या सुमारास नवऱ्याला उत्तर आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून थेट समुद्रकाठच्या एका खेड्यात जाऊन पडलो. शेजारी एक म्हातारबुवा, एकटेच. मशीनला हात लावायचे नाहीत. फावड्यानं वरंबे घालून बटाटे लावायचे, खताला किनाऱ्यावरचं शेवाळ. "लागेल ते घेऊन जात जा," म्हणायचे.

मला पाचवा महिना होता आणि डोहाळे कसले, तर हिरव्या टोमॅटोच्या चटणीचे. ऑगस्टात कुंपणापाशी गेले तर बटाट्याच्या पाल्यात हिरवे टोमॅटो लटकलेले, लिंबाहून लहान. म्हटलं, म्हातारबुवांनी मध्येमध्ये लावलेले दिसतात. ओंजळभर तोडले. चटणी कडवट झाली. मग गूळ वाढवला, दाण्याचं कूट घातलं आणि दोन पोळ्यांबरोबर चापली.

वर शेजारधर्म म्हणून वाटीभर त्यांनाही द्यायला गेले. कशाची, असं विचारल्यावर मी कुंपणाकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"पोरी, ती बटाट्याचीच फळं. विषारी असतात. तू खाल्लीस?"

बघत होते ते माझ्या पोटाकडे. जन्मभर बटाटा खाल्ला, पण त्याला फळ धरतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी मला गाडीत घातलं आणि हॉस्पिटलचा रस्ता धरला. वाटेत दोनदा उलटी झाली. उलट्या तशा रोजच्याच, पण ही विषाची की नेहमीची, कसं कळणार? सकाळपासून बाळ हललं होतं का, तेही आठवेना. अशी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. मेलीच्या जिभेचे चोचले, आणि भोगणार ते बिचारं.

नवरा वॉर्डातून धावत आला. डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवले, सगळं ठीक आहे म्हणाले. लेक हातात येईपर्यंत माझा विश्वास बसला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला कडेवर घेऊन बाहेर आले, तर म्हातारबुवा कमरेत वाकून बटाट्याची पांढरी फुलं एकेक करून खुडत होते. अर्ध्याहून जास्त वरंबे झाले होते. मी विचारलं, रोग पडलाय का?

"नाही गं," ते म्हणाले. "आता ही रांगायला लागेल."