टार्नोच्या चौकातला हात

अ‍ॅडलीन हुपालोनं एकतीस वर्षं शाळेची बस हाकली. तेवढ्या काळात तिनं आमच्या टार्नोतल्या दोन पिढ्यांची पोरं शाळेत पोचवली, तीन हरणं उडवली आणि गाडी एकदाही नाल्यात घातली नाही. उणे चाळीसच्या थंडीत डिझेल गोठायचं, पण तिची बस साडेसातला दारात हजर. निवृत्त झाली तेव्हा गावानं तिला घड्याळ दिलं. इतकी वर्षं मला वेळ कळत नव्हती असं वाटलं का तुम्हाला, असं म्हणून तिनं ते चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत टाकलं. अशी ही अ‍ॅडलीन, पण तिला एका बाईला मोटार शिकवता येईना, त्याची ही हकीकत. त्यात दोष आमचाही होता, म्हणून सांगणं भाग आहे.

तीन वर्षांमागं चर्चच्या तळघरात आमची अकरा जणांची समिती बसली. थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावणीतून एक निर्वासित कुटुंब गावात आणायचं ठरलं. कागदं वर्षभर फिरली आणि मग नॉ ब्वे पॉ, तिचा नवरा ले वा आणि तीन पोरं आमच्या गव्हाच्या मुलखात उतरली. सरहद्दीपलीकडच्या डोंगरातली, कारेन जमातीची माणसं. वीस वर्षं बांबूच्या झोपडीत काढलेली. आम्ही त्यांच्या यायच्या आधीच फ्रीजरात अर्धी गाय भरून ठेवली होती. त्यांना ती खायची आहे का, हे अकरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ब्वे पॉ कशालाच नाही म्हणायची नाही. सोफा पाहिजे? हो. दुसरा? हो. चौथा सोफा आला तेव्हा तिनं तो ओसरीत टाकला आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या. समितीच्या दर महिन्याच्या कागदावर आम्ही लिहायचो, कुटुंब समाधानी आहे.

दुसऱ्या वर्षी तिला काम मिळायची वेळ आली. अठ्ठेचाळीस किलोमीटरवर बेल्मर म्हणून मोठं गाव आहे, तिथल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. पहाटे सहाला हजर व्हायचं. नवरा डुकरांच्या गोठ्यावर जायचा, तो उलट्या दिशेला, कामगारांच्या गाडीतून. बेल्मरला बस नाही, होती ती कधीच बंद झाली. म्हणजे लायसन पाहिजे. आश्रमाची बाई म्हणाली, एक नोव्हेंबरपर्यंत जागा धरते, पुढं नाही. आणि ब्वे पॉनं सांगून टाकलं होतं की काम नाही झालं तर ते शहरात जातील. तिथं तिची चुलत बहीण मांस कापायच्या कारखान्यात आहे. आमच्या शाळेत पोरं एकेचाळीस. त्यातली तीन गेली तर वरचे वर्ग बंद व्हायला निमित्त मिळणार. तिचं काम आणि आमची शाळा, दोन्ही एका लायसनीला बांधलेलं.

शिकवायला अ‍ॅडलीनशिवाय कोण? तिची तपकिरी ब्युइक मोटार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. ब्वे पॉ हुशार. मागं घेणं, दोन गाड्यांच्या मधी लावणं, खडीच्या रस्त्यावर घसरली तर सावरणं, सगळं महिन्याभरात शिकली. ऑगस्टात बेल्मरला परीक्षा दिली आणि नापास झाली. सप्टेंबरात परत दिली, परत नापास. दोन्ही कागदांवर एकच शेरा: चौकात विनाकारण थांबून राहते.

अ‍ॅडलीन पेटली. तिनं तो कागद सगळ्या गावाला दाखवला. आमच्या चौकात पोरगी कधी चुकली नाही, चारी बाजूंनी थांबायचं, जो आधी आला तो आधी जायचा, हे तिला पाठ आहे, मग त्या परीक्षकाच्या डोळ्यांत काय माती गेली का, असं तिचं चाललेलं. शेवटी तिनं ब्वे पॉला बेल्मरच्या त्याच चौकात नेलं. गाडी थांबली. समोरची गाडी गेली, उजवीकडची गेली, मग डावीकडची. मागनं भोंगा वाजला. ब्वे पॉ दोन्ही हातांनी चाक धरून बसलेली.

"जा की. तुझा नंबर आला ना मघाशीच."

"कुणी हात नाही केला, मुगा."

मुगा म्हणजे त्यांच्यात आत्या, मावशी, असली थोरली बाई. पहिल्या आठवड्यापासून ती अ‍ॅडलीनला असंच हाक मारते.

"हात? कुणी कशाला हात करंल?"

मग तिनं बोटं मोजत सांगितलं. टार्नोत सगळेच करतात. ओरेस्ट करतो, लॉईड करतो, पोस्टातली बाई करते, वॉल्टर करतो. हात हलला की ती जाते. वॉल्टर म्हणजे मी. खोटं नव्हतं ते. ब्युइकमधी चाकावर ब्वे पॉ दिसली की आम्ही नंबर कुणाचा हे बघायचोच नाही. शिकाऊ बाई, परमुलखातली, जाऊ दे तिला, म्हणून तळवा हलवायचा. गावात चौक एकच. तिथं चार महिने ती बापडी आमच्या हातांवर गाडी चालवत होती.

"आणि छावणीच्या फाटकावर शिपाई होता," ब्वे पॉ म्हणाली. "त्याचा हात हलला की जायचं. माझा भाऊ एकदा हात न हलता गेला."

"मग?"

"चौथ्या दिवशी घरी आला. पुढचे दात नव्हते."

हे अ‍ॅडलीननंच मला नंतर सांगितलं. सांगताना तिचा आवाज हलला बिलला नाही. राग तेवढा वाढला, आणि तो सगळा आमच्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती दुकानातल्या आमच्या कॉफीच्या बैठकीवर येऊन उभी राहिली. आम्ही सहा म्हातारे रोज तिथं गव्हाच्या भावाला शिव्या देत बसतो.

"कोण कोण हात करतं तिला?"

"सगळीच करत्यात," ओरेस्ट म्हणाला. "शिकाऊ हाय बिचारी."

"बिचारी तुझी सासू. दोनदा नापास झाली ती, तुमच्यापायी."

"मग काय अंगावर घालायची व्हय गाडी?" लॉईडनं विचारलं.

"घाल. तुझा नंबर असंल तर तू जा. तिचा असंल तर गप उभा ऱ्हा. हात खिशात."

"मग चाक कुणी धरायचं?"

तिनं त्याची कॉफी उचलून शेजारच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

आम्ही मनापासून ठरवलं. पण माणूस पन्नास वर्षं जे करत आला ते हातातनं जातंय होय? ओरेस्टचा हात वर जायचा, मग त्याला आठवायचं, मग तो उगाच डोकं खाजवायचा. ब्वे पॉला ते खाजवणंही पुरे व्हायचं; ती निघायची. लॉईडनं हात मांडीखाली दाबून ठेवले आणि नुसत्या मानेनं खूण केली. एकदा फादर आले. त्यांनी हात केला नाही, पण चौकात थांबल्यावर सवयीनं छातीवर क्रूस केला. तेवढ्यावर ती गेली. अ‍ॅडलीननं खिडकी खाली करून भर रस्त्यात फादरना झापलं. देवाचं काम घरी करा म्हणाली.

ऑक्टोबराचे दहा दिवस असे गेले. तिसरी परीक्षा अठ्ठावीसला, आणि ती शेवटचीच. अ‍ॅडलीनला झोप लागेना. तिनं आमचा नाद सोडला आणि सगळं आपल्याच अंगावर घेतलं. चौक आला की थांब, बघ, जा. वळण आलं की दिवा लाव, मागं बघ, जा. दुकानाच्या काचेआड बसून आम्हाला तिचा "जा" ऐकू यायचा. ब्वे पॉ आता झकास चालवायची. अ‍ॅडलीन म्हणाली, बघा, तुम्ही बाजूला झालात आणि पोरगी सुधारली.

त्या शनिवारी मी ब्वे पॉच्या घरी घर तापवायच्या भट्टीची जाळी बदलायला गेलो होतो. त्या दोघी नुकत्याच आलेल्या, अ‍ॅडलीन टेबलाशी बसलेली. ब्वे पॉनं अंबाडीची आंबट आमटी केली होती, वाळक्या मासळीची. तिचा वास अ‍ॅडलीनला पहिल्या वर्षी सोसवत नव्हता, आता ती दुसऱ्यांदा मागून घेते. ब्वे पॉ वाढत नव्हती. पळी हातात धरून उभी होती.

"मुगा, बेल्मरला तुम्ही गाडीत नसणार."

"न्हाईच. परीक्षक असतो नुसता."

"तो जा म्हणणार नाही."

"न्हाई म्हणणार. मग?"

"तुम्ही बोलता तेव्हा माझे कान गाडी चालवतात. डोळे रिकामे बसतात. आधी त्यांचा हात होता. आता तुमचं तोंड आहे."

मी जाळी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. दोन वर्षांत त्या बाईच्या तोंडून असलं काही कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे मी गप बसू?"

"तुम्हाला जमत नाही, मुगा."

मला हसू आलं. तिथं मी चुकलो. दोघींनी वळून माझ्याकडं बघितलं.

"वॉल्टर बसू दे शेजारी," ब्वे पॉ म्हणाली. "तो गाडीत झोपतो."

अ‍ॅडलीननं ब्युइकची किल्ली टेबलावर ठेवली, कोट चढवला आणि आमटी न घेता गेली. रस्त्यात भेटली तर माझ्याकडं बघेना. एकतीस वर्षं चाक धरलेल्या बाईला बाजूला सारून तिच्या जागी गव्हाच्या कोठारावरचा माणूस बसवला होता, आणि तोही तो झोपतो म्हणून. मला तिचं पटत होतं. पण अठ्ठावीस तारीख तिच्या रुसण्यासाठी थांबणार नव्हती.

रोज आम्ही बेल्मरला जायचो आणि त्या चौकाला चकरा मारायचो. पहिल्या दिवशी ब्वे पॉ चार मिनिटं नुसती उभी राहिली. मागं भोंगे, आणि माझ्या जिभेवर आलेला "जा". गप बसणं एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले, ते त्यासाठीच. तिसऱ्या दिवशी ती गेली, पण नंबर नसताना. एका पिकअपवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि काचेतून तिला मधलं बोट दाखवलं.

"हा कसला हात?" तिनं विचारलं.

"तो मोजायचा न्हाई."

ती हसली. पुढच्या फेरीला थांबली, चारी बाजू बघितल्या, तोंडातल्या तोंडात आपल्या भाषेत काहीतरी मोजलं आणि गेली. मग परीक्षेपर्यंत रोज नुसतं तेच.

अठ्ठावीसला ती पास झाली. काठावर. परीक्षकानं हात बित काही केला नाही, नुसता कागद पुढं सरकवला.

परत आलो तेव्हा अ‍ॅडलीन चर्चच्या तळघरात बायकांबरोबर रविवारच्या जेवणासाठी बटाट्याचे पेरोगी, उकडलेल्या करंज्याच त्या, भरत होती. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. नंतर परत वरपासून वाचला.

"वळताना खांद्यावरनं मागं बघितलं न्हाई. दोनदा."

"हो, मुगा."

"मी सांगितलं व्हतं."

"सांगितलं होतं."

"आन हा शेजारी बसून दोन आठवडं काय करत व्हता?"

"काही नाही," ब्वे पॉ म्हणाली. "चांगलं केलं त्यानं."

अ‍ॅडलीननं कागद परत दिला. त्यावर पिठाचा अंगठा उमटला होता. मग तिनं ब्वे पॉच्या पुढ्यात कणकेचा एक गोळा टाकला, काम झालं असंल तर हातभार लाव म्हणाली, आणि ब्वे पॉ बाह्या वर करून बसली. माझ्यापुढं काही टाकलं नाही.

एक नोव्हेंबरला ब्वे पॉ कामाला लागली. पुढच्या बैठकीत समितीनं दुसरं कुटुंब आणायचं ठरवलं, आणि मोटार कोण शिकवणार हा विषय निघाला. सगळ्यांनी सवयीनं अ‍ॅडलीनकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नका," ती म्हणाली. "वॉल्टरला सांगा. त्याला गप बसायला येतं, ते आता लई मोठं काम झालंय गावात."

काम माझ्या गळ्यात पडलं. आठवड्यानं ती माझ्या दारात आली, हातात वहीची पानं. शिकाऊ माणसाला काय काय सांगायचं त्याची चौतीस कलमं, नंबर घालून. मी म्हणालो, अ‍ॅडलीन, सगळी मेख तर न सांगण्यातच होती.

तिनं पानं माझ्या हातात कोंबली, खिशातनं पेन्सिल काढली.

"मग पस्तिसावं लिही," म्हणाली, "आन पहिलं तेच वाच."