चौथं नोजल
डिझेलचा वास आला की मले दुसरबीडच्या मिस्त्रीचं दुकान आठवते. माह्या पोराजवळ जुनी टर्बोवाली जीप होती, तिच्यावरच आमचं घर चालायचं. पण सवाऱ्या भरल्या की ती चढावर दम सोडे, अन् लोक उतरून पायी निघत. मिस्त्री म्हणे, "टर्बो हवा लय देते, डिझेल पुरत नाई. डिझेल फवारणारे मोठे नोजल लागतीन." नव्याची ऐपत नव्हती, पोरानं भंगारातून चार आणले. मी जेवणाचा डबा घेऊन गेली, तवा मिस्त्री एकेक नोजल हातपंपाले लावून दाबून पाहत होता. तिन्हीतून धुक्यावानी फवारा निघाला, चौथं ठिपकत होतं. पोरगा म्हणे, "चालते, बसवून टाका." म्या म्हटलं, "नको बसवू, ते जाळन." "माय, तुले इंजिनातलं काय समजते?" "काईच नाई. पण तुहा बाप गेल्यावर बारा वर्षं पाठीवरच्या पंपानं कपाशीवर औषध मारलं म्या. ठिपकणारं नोजल पान जाळते." मिस्त्री हसला, "मावशी बराबर बोलून राह्यली बे. यानं पिस्टन जळलं असतं." त्यानं आपल्या सामानाच्या डब्यातलं जुनं टोक त्याले बसवलं, मंग तेही धुकं सोडाले लागलं. पयल्या खेपेले पोरानं मले पुढं बसवलं. भरली जीप चढ चढली, कोणी उतरलं नाई. वर गेल्यावर त्यानं गाडी थांबवली, गळ्यातला दुपट्टा घडी केला अन् माह्या पाठीमांगं ठेवला, पंप घासायचा बराबर तिथंच. आता जीप नाई राह्यली. दुपट्टा हाये, बसताना तोच पाठीले घेते.