जो अर्ज मी लिहिलाच नाही

माझा मुलगा बावन्न वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधं दिली आणि निदान तीन महिने घरी बसा म्हणून बजावलं. आठव्या दिवशी तो वाळूजला कंपनीत हजर झाला. सुनेनं अडवलं, मी अडवलं. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, आजोबा चौसष्टाव्या वर्षापर्यंत वॉल्व फिरवत होते. एकदा तरी थकलो म्हणाले का?"

हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. शाळेत असताना त्यानं ताप आलाय म्हणून दप्तर खाली ठेवलं की मी हेच ऐकवायचो. नोकरीला लागला तेव्हा हेच ऐकवलं. लग्नामुंजीत, बारशात, जिथं अण्णांचा विषय निघेल तिथं मी हे सांगत आलो. आणि ते खोटं आहे. अण्णा थकलो म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते, आणि माझ्यापाशीच म्हणाले होते. ते मी आता लिहून ठेवतो आहे. तोंडी सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. ते पुढं येईल.

अण्णा शहराच्या पाणीखात्यात वॉल्वमन होते. अजिंठ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून आले आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी औरंगपुरा आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत काढली. सायकलच्या दांडीला पुरुषभर उंचीची लोखंडी चावी बांधलेली असायची. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडायचं, चावी आत सोडायची आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून फिरवायची. कुठला वॉल्व किती आटे फिरवायचा हे त्यांना पाठ होतं. पाणी आलं का हे बघायला ते वाकत नसत. चावीच्या दांड्याला कान लावून उभे राहत. "आलं," म्हणायचे, आणि मग वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पिंपात धार पडल्याचा आवाज यायचा.

लोक गॅलरीतून ओरडायचे, "अण्णा, आणखी धा मिनिटं राहू द्या की!"

"तुमाला धा मिनिटं दिली तर खालच्या गल्लीनं काय कोरडी भांडी वाजवायची व्हय?"

"पाहुणे आलेत हो!"

"मग पाहुण्यास्नी सांगा, आंघोळ करून येत जा."

यावर सगळी गल्ली हसायची आणि वॉल्व ठरल्या वेळेला बंद व्हायचा. सणाच्या दिवशीही ते जायचे. मला आठवतं, माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळची पाळी करून ते हळदीच्या अंगानं मांडवात आले होते.

त्यांची जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिली आणि वर्ष अंदाजानं टाकलं. माझी आजी सांगायची त्या हिशेबानं ते कागदापेक्षा चार वर्षांनी मोठे होते. ती शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. अण्णा चौथीपर्यंत शिकले. शहागंजाकडच्या एका हॉटेलात बसून ते उर्दू पेपर झरझर वाचायचे, पण मराठीत फक्त सही यायची. दुकानाची पाटी ते अक्षर अक्षर जोडून वाचत. हातानं लिहिलेला मराठी कागद त्यांना वाचता येत नसे. बोलायचे मराठी, स्वप्नं मराठीत पडत असतील, आणि अर्ज मात्र मुलाकडून लिहून घ्यायचे. खात्यातले त्यांचे सगळे अर्ज माझ्या हातचे आहेत.

कागदावर छप्पन्न आणि खरी साठ भरली, त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना. आई त्यांना सदरा घालून द्यायची. गुडघे तर आधीपासूनच दुखत होते. एका दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले. मी तीस वर्षांचा होतो, एका खाजगी कचेरीत कारकून होतो, पोरगा पाच वर्षांचा होता, आणि आम्ही सगळे अण्णांच्या खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो.

"एक दरखास्त लिही," ते म्हणाले. "साहेबाला म्हणावं, कागदावर काय बी असू द्या, माझी साठ भरली. खांदा उचलत नाय. वॉल्व अर्धाच फिरतो, लोकांना पाणी कमी जातं. आता मला सोडा."

"पण पेन्शन कमी बसेल अण्णा."

"बसू दे. मी लई वर्षं चावी फिरवली. आता मला जरा बसू दे."

त्यांनी 'बसू दे' असं दोनदा, दोन अर्थांनी म्हटलं आणि स्वतःच्याच बोलण्याला हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात क्वार्टर होतं. ते सुटलं की भाड्याचं घर, बहिणीचं लग्न समोर, आणि सगळा भार माझ्यावर. मी कागद घेतला आणि लिहिलं: खांदा दुखत असल्याने पंधरा दिवसांची रजा मिळावी. अण्णांनी खाली सही केली. त्या सहीला त्यांना वेळ लागायचा. 'अ'चा काना ते शेवटी, वेगळा काढून द्यायचे. मी शेजारी बसून ती सही पुरी होताना पाहिली.

चार दिवसांनी ते उत्तराचा कागद घेऊन आले. ऑफिसात कुणाला वाचायला सांगितलं नव्हतं, कारण थकल्याचं चारचौघांत कळू द्यायची त्यांना लाज वाटायची.

"काय म्हणतो साहेब?"

कागदावर लिहिलं होतं, रजा मंजूर. मी वाचून दाखवलं, "अर्ज नामंजूर. पंधरा दिवस विश्रांती घेऊन कामावर हजर व्हावे."

त्यांनी डाव्या हातानं खांदा चोळला. मग म्हणाले, "पंधरा दिवसांत खांदा नवा येतो का रे?" आणि मला बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाले, "तू चांगलंच लिहिलं असशील. त्यानंच ऐकलं नाय."

त्याच वर्षी बहिणीचं लग्न झालं. म्हणजे लग्नाचं कारण तिथंच संपलं. पुढच्या वर्षी अण्णांनी पुन्हा विचारलं. "अवंदा जरा कडक लिही," म्हणाले. मी खरं सांगू शकलो असतो. पण दुसरा अर्ज खरा लिहिला असता तर साहेबानं पहिल्याविषयी विचारलं असतं, आणि अण्णांना कळलं असतं. म्हणून मी लिहिलं की चेंबरमध्ये पाणी साचते, गमबूट मिळावेत.

आणि गमबूट आले! खात्यानं कधी नव्हे ते महिन्याभरात दिले. काळे, गुडघ्यापर्यंतचे. अण्णा ते हातात घेऊन दारात उभे राहिले.

"मी म्हणतो मला सोड, आणि हा मला बूट देतो? थट्टा करतो का माझी?"

मी म्हणालो, "मोठ्या लोकांचं असंच असतं अण्णा."

त्यांनी ते बूट एकदाही घातले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी साहेबाला नमस्कार करणं सोडलं. ज्या माणसानं कुणाला अरेतुरे केलं नाही, तो घरी येऊन त्या साहेबाला शिव्या द्यायचा. साहेब खरं तर भला माणूस होता. अण्णांचा अर्ज त्याच्यासमोर आला असता तर त्यानं सोडलं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं. पुन्हा अर्ज लिही असं अण्णा कधी म्हणाले नाहीत.

अशी चार वर्षं गेली. शेवटच्या वर्षात ते डाव्या हातानं आणि छातीनं रेटून चावी फिरवायचे. सदरा काढला की छातीवर लोखंडाचा वळ दिसायचा. आई त्याला तेल लावायची आणि साहेबाला बोल लावायची. मी शेजारच्या खोलीत ऐकत असायचो.

निवृत्तीच्या दिवशी साहेबानं शाल द्यायला हात पुढं केला. अण्णांनी ती घेतली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. फोटोत ते बाजूला बघतायत. कार्यक्रम संपल्यावर साहेबानं मला बाजूला घेतलं.

"माझं काही चुकलं का हो? वडील तुमचे दोन-तीन वर्षं माझ्याशी बोलत नाहीत."

दहा पावलांवर अण्णा उभे होते, गळ्यात हार घालून. मी म्हणालो, "वय झालं साहेब. मनावर घेऊ नका."

आठ महिन्यांनी अण्णा गेले. तेराव्याला मी चार ओळी लिहून वाचल्या: कामावर निष्ठा, कधी तक्रार नाही, शेवटपर्यंत उभे. लोक रडले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, माझ्याशेजारी बसून ऐकत होता.

परवा मी हे सगळं त्याला सांगितलं. दुपारची पाळी होती, सून डबा भरत होती. मी त्याला बसवलं आणि पहिल्या अर्जापासून शेवटच्या शालीपर्यंत सगळं बोललो. बोलताना मला वाटत होतं की आता हा उठेल आणि मला काहीतरी बोलेल. निदान ओरडेल.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आणि त्या अर्जांचा काही कागद आहे?"

"कागद कुठला राहणार? ते खात्यात गेले."

"साहेब?"

"ते कधीच वारले."

"आजी आता नाही. आत्याला माहीत आहे?"

"कुणालाच माहीत नाही. मी सांगितलंच नाही कुणाला."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी प्रेमानं. "बाबा, मला घरी बसवायला तुम्ही काहीही कराल. पण आजोबांना मध्ये आणू नका. मी त्यांना पाहिलंय. नऊ वर्षांचा होतो, तान्हा नव्हतो."

"अरे, मी शपथेवर सांगतो—"

"तुम्ही आणि असं कराल? आजोबांशी?" तो हसायला लागला. "खोटं सांगायचं तर निदान तुम्हाला जमेल असं तरी सांगायचं."

मी त्याचा हात धरला. म्हणालो, त्यांच्या छातीवर वळ होता, तो तूही पाहिलास, आठव. तो म्हणाला, हो, पाहिलाय, म्हणून तर म्हणतो, काय माणूस होता!

खाली कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. सून माझ्याकडं बघत होती. तिचाही विश्वास बसला होता असं मला वाटत नाही. तो डबा घेऊन निघाला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या मजल्याच्या वळणावर तो थांबला, कठड्याला धरून. मी वरून हाक मारली. त्यानं मान वर न करता हात हलवला, श्वास घेतला आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेला.