पाहुण्यांसाठी वाकलेली पाठ

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मी सव्वीस वर्षांचा. माझा बाप साठीच्या पुढचा. त्या दिवशी दुपारी तो किल्ल्याच्या दरवाज्यात उभा होता, आणि चारपाच शिकलेली माणसं त्याला हसत होती. हसणाऱ्यांत मीही होतो.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर. तेव्हा धक्का नव्हता. किनाऱ्यावरून होडी, आणि होडीपासून वाळूपर्यंत गुडघाभर पाणी. मुंबईच्या पाहुण्यांचे कपडे भिजू नयेत म्हणून आम्ही त्यांना पाठुंगळी घ्यायचो. जाताना, येताना. कुणी कधी ठरवलं, ठाऊक नाही. आजा घ्यायचा, बाप घ्यायचा, मीही घेऊ लागलो. का, असं विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

शेजारच्या राजोडीला एका शेठचा बंगला होता. दर रविवारी नवे पाहुणे. आधी गावातली जुनी घरं दाखवायची, मग किल्ला. गावात ही माणसं न विचारता कुणाच्याही ओटीवर चढायची. त्या दिवशी शेठबरोबर एक वकील होता. माझ्या मावशीच्या चुलीवरच्या मडक्यावरचं झाकण त्याने काढून बघितलं. मावशी कोपऱ्यात उभी राहिली. मी तिला म्हटलं, "बघू दे गं, मोठी मानसं हाईत."

किल्ल्याच्या दरवाज्यावर दगडात हत्ती आहेत, वर अक्षरं आहेत. बापाला वाचता येत नव्हतं. पण तिथे आलं की तो हात वर करून सांगायचा, "हा दगुड आमच्या मानसांनी होडीतून आनला. दोघं बुडाले. त्यांची नावं हाईत वर." त्याच्या बापाने त्याला सांगितलेलं.

वकिलाने चष्मा पुसला, मान वर करून सगळं वाचलं.

"पेशव्यांचं नाव आहे. हुकूम दिल्याचं आहे. तुमच्या कोळ्यांचं नाव कुठे आहे, आजोबा? दाखवा बरं बोटाने."

बापाचा हात वरच होता. बोट कुठे ठेवावं ते त्याला कळेना. सगळे हसले. शेठ माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, आपण गप्प राहिलो तर आपणही अडाणी ठरू. मी तिसरी पास. मीही हसलो आणि म्हटलं, "म्हातारा असाच बडबडतो, शेठ. मनावर घेऊ नका."

बापाने हात खाली घेतला. माझ्याकडे बघितलंही नाही.

परत येताना आम्ही दोघं होडी वल्हवत होतो. पाहुणे बोलत होते, खात होते. किनारा आला. मी आणि बाप पाण्यात उतरलो. सवयीने वाकलो दोघंही. वकील म्हणाला, "मी आजोबांच्या पाठीवर येतो. वाटेत अजून एखादी गोष्ट सांगतील."

पुन्हा हसले.

बाप वाकलेलाच. हात मागे केलेले, पकडायला. मी सरळ झालो. बापाच्या दंडाला धरून त्याला सरळ केलं.

"उतरा पान्यात," मी म्हटलं.

"अरे, ठरलंय ना," शेठ म्हणाला.

"होडी ठरली होती. पाठ नाय."

"उद्यापासून माझा एकही माणूस तुझ्या होडीत बसणार नाही."

"नाय बसला तर नाय."

वकील बूट हातात घेऊन उतरला. गुडघाभर पाणी होतं. बुडाला नाही.

मला वाटलं, बाप शाबास म्हणेल. घरापर्यंत तो माझ्यापुढे चालत राहिला. दारात पाय धुताना म्हणाला, "मी वाकलो, ती माझी रीत. जल्मभर वाकलो. पन तू हसलास."

एवढंच. त्या रात्री तो माझ्या ताटाजवळ जेवायला बसला नाही. आज मी त्याच्या वयाच्या पुढे गेलो. वकिलाला पाण्यात उतरवलं ते मी लोकांना छाती काढून सांगतो. दरवाज्यात मी काय बोललो ते त्यांना सांगताना आजवर गाळत आलो. आज लिहिलं. ज्यांची नावं दगडावर नाहीत ते बुडालेच नाहीत, असं मी कसं मानलं? वकील वाचू शकत होता, म्हणून? लाज त्याची नाही वाटत. माझी वाटते.

तेव्हा, दुसऱ्या दिवशी उजाडताच मी करवत घेतली. सुरूच्या झाडाच्या दोन वाशांची शिडी केली आणि पाहुण्यांना उतरायला होडीच्या कडेला बांधली. बाकीचे होडीवाले जमले. बाप थोडा लांब जाळं विणत बसला होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हटलं, "काल किल्ल्यावर मी माझ्या बापाला हसलो. परक्यांसमोर. ऐकून ठेवा सगळ्यांनी."

बापाने मान वर केली नाही. सुई चालूच.

मग आमच्यातला एक जण शिडीला हात लावून म्हणाला, "पाव्हना यावरून उतरला नाय तर?"

"तर किल्ला हितूनच बघंल," मी म्हटलं, आणि गाठ आणखी आवळली.