मंदाकिनी गमरे यांचं अनुभवपत्र

शुक्रवार, सकाळचे सहा पन्नास. कळव्यातल्या धुलाई केंद्रात मंदाकिनी गमरे दोन नंबरच्या यंत्रातून रुग्णालयाच्या चादरी काढत आहेत. आज त्यांचा इथला शेवटचा दिवस.

वय त्रेचाळीस. त्यातली अडीच वर्षं मनोरुग्णालयात गेली. बाहेर आल्यावर एका संस्थेने इथे सहा महिन्यांचं काम दिलं. शेवटच्या महिन्यात अनुभवपत्र मिळतं, ते दाखवून पक्की नोकरी शोधायची, अशी योजना. डोंबिवलीत भावाने जागा दिली ती काम असेपर्यंत. नाहीतर कोकणातलं गाव. तिथून गोळ्या मिळणारा दवाखाना एसटीने तीन तासांवर आहे. मागच्या वेळी गोळ्या तिथेच सुटल्या होत्या.

"बाई, एवढी सरळ घडी शहाण्यांनापण जमत नाय," टेबलापलीकडून हौसाबाई म्हणाल्या. त्याही याच योजनेतल्या.

"म्हणून तर आपल्याला ठेवलंय."

दोघी हसल्या. मंदाकिनींच्या जागी येणारी पायल शेजारी उभी राहून घडी शिकत होती. तिने विचारलं, "मावशी, नंतर नोकरी लागते ना?"

"पत्र मिळतं," मंदाकिनी म्हणाल्या.

पत्रात लिहिलं आहे : काम चोख, एकही खाडा नाही. त्याच्या वर, लेटरहेडवर, ठळक अक्षरांत : मानसिक आजारातून बरे झालेल्यांचे पुनर्वसन केंद्र. ठाण्यातल्या एका हॉटेलच्या मॅनेजरने ती ओळ वाचून पत्र परत केलं आणि "कळवतो" म्हणाला. त्याला सोळा दिवस झाले.

म्हणून झेरॉक्स काढताना त्यांनी वरच्या भागावर कोरा कागद ठेवला. बुधवारी ती प्रत बाळकुमला नेली. तिथल्या एका गृहसंकुलाच्या सफाईचा ठेका दिपेशकडे आहे.

"मावशी, असं कोणीपण टाईप करून आणेल. लेटरहेडवरचं नाय का?"

मूळ पत्र पिशवीत होतं. "घरी राहिलं," त्या म्हणाल्या.

"शुक्रवारी चारपर्यंत आणा. नायतर दुसरी बाई घेतो."

आज दुपारच्या सुट्टीत त्यांनी संस्थेच्या मृणाल मॅडमकडे साध्या कागदावर पत्र मागितलं.

"ताई, ते नियमात बसत नाही. आणि लपवायचं कशाला? बऱ्या झालात, अभिमानाने सांगा."

"मग तुम्ही चला ना सोबत, सांगायला."

मृणालची तीन वाजता मीटिंग होती. इथल्या कामाची मुदत वाढवून मागितली, तर सहा महिन्यांवर कोणालाच मिळत नाही. बारा जणी रांगेत आहेत.

साडेतीनला मंदाकिनींनी दिपेशपुढे मूळ पत्र ठेवलं. त्याने ते वरपासून वाचलं.

"मला चालेल हो, मावशी. कमिटीला नाय चालणार. बिल्डिंगमध्ये लहान पोरं आहेत."

त्यांनी पत्र घडी करून पिशवीत ठेवलं. कडा कडेला जुळली होती.

भावाने गुरुवारीच गावच्या एसटीत एक जागा राखून ठेवली होती. गाडी उद्या सकाळी सव्वासहाला खोपटहून सुटते. साडेसहाला दोन नंबरचं यंत्र पायल सुरू करेल.